आमच्यावर संशोधन कोण करणार?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. नांदेडच्या कोर्टातले काम आटोपून आम्ही चेंबरवर आलो, तर दाराशी एक तरुण उभा होता. लातूर जिल्ह्यातला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाडजूड फाईल. जयभीम झाला, चहा झाला आणि पोराने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, फेलोशिपसाठी केस करता येते का?"

आम्ही फाईल उघडली. पीएच.डी.ची नोंदणी झालेली, मार्गदर्शक मिळालेले, फेलोशिपच्या यादीत नाव आलेले. पैसे मात्र आलेले नाहीत. सहामाही प्रगती अहवाल वेळेवर दिले, घरभाड्याचा दाखला दिला, मागितलेले प्रत्येक हमीपत्र दिले. प्रत्येक वेळी नवी त्रुटी निघाली. पोरगा विष्णुपुरीला खोली करून राहतो, एका कॉलेजवर तासिका तत्त्वावर शिकवतो आणि तासिकांचे पैसेही वर्षातून एकदाच मिळतात. आई सोयाबीन काढायला जाते. कोणत्या कार्यालयाने त्याला थकवले ते आम्ही इथे लिहीत नाही. प्रकरण अजून चालू आहे, आणि एका कार्यालयाचे नाव घेतले की बाकीची कार्यालये स्वतःला धुतल्या तांदळासारखी समजू लागतात.

पण आम्ही थबकलो ते त्याच्या विषयापाशी. मराठवाड्यातल्या गायरान जमिनी आणि त्या कसणारी अनुसूचित जातींची कुटुंबे, हा त्याचा विषय. फाईलमध्ये गावागावांच्या याद्या होत्या. कोणत्या गटात कोण कधीपासून पेरतो, दंड कधी भरला, पंचनामा कधी झाला, सगळे हाताने लिहिलेले. जो कागद आम्ही वीस वर्षे कोर्टात शोधतो आहोत, तो या पोराच्या पिशवीत होता!

गायरानाचे प्रकरण वाचकांना नवे नाही. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून हा लढा चालू आहे. २८ नोव्हेंबर १९९१ रोजी राज्य सरकारने निर्णय काढला आणि १४ एप्रिल १९९०पर्यंत भूमिहीन अनुसूचित जाती-जमातींनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. कागदावर ठरले. गावात तलाठ्याने नोंद घेतली तर घेतली, नाही तर नाही. पुढे २०११मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या निर्णयाने जमीन दिली असेल तर तो अपवाद धरता येईल असेही म्हटले आहे. म्हणजे दार बंद नाही. पण त्या दारातून आत जायला पुरावा लागतो. २०२२ साली उच्च न्यायालयात हा विषय निघाला, गावोगावी नोटिसा फिरल्या आणि आमच्या चेंबरमध्ये रांग लागली. सरकारी वकिलाकडे तलाठ्याचा अहवाल असतो. आमच्याकडे काय असते? म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. "दुष्काळ पडला त्या साली बापाने नांगर घातला," एवढ्यावर न्यायाधीशाला काय लिहून देणार? एका गावाचा नव्हे, तालुक्याचा, जिल्ह्याचा अभ्यास हवा. तो कोणी केला आहे? जो करू पाहतो त्याला आपण घरभाड्याच्या दाखल्यासाठी पळवतो आहोत.

म्हणून फेलोशिपचा प्रश्न हा चार-दोनशे पोरांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, असे समजणाऱ्यांशी आमचा वाद आहे. पोटाचा प्रश्न आहेच, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण त्याहून मोठा प्रश्न हा की आमच्या समाजाविषयी, आमच्या जमिनीविषयी, आमच्यावर राबवल्या जाणाऱ्या धोरणांविषयी लिहिणार कोण? २०२४च्या १ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मुभा दिली आणि त्यासाठी आकडेवारीचा आधार लागेल असेही सांगितले. त्या निकालावर मतभेद असू शकतात, आमच्याच दोन मित्रांमध्ये त्यावरून बोलणे बंद आहे. पण आकडेवारी कोण गोळा करणार, कोणत्या प्रश्नावलीने करणार, हा प्रश्न दोघांनाही चुकत नाही. २०११च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १९ टक्के होते, राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. महार-बौद्ध आणि मातंग वस्त्या इथे एकाच गावकुसाबाहेर आहेत. या वस्त्यांचा अभ्यास वस्तीतल्या पोरांनी केला नाही, तर तो दुसरे कोणी करील आणि निष्कर्षही त्यांच्या सोयीचे काढील.

बाबासाहेबांचे उदाहरण आपण जयंतीच्या भाषणात नेहमी देतो, पण त्यातला हिशेब सांगत नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. त्या पैशांवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि ९ मे १९१६ रोजी तिथल्या एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हा त्याचा विषय. परदेशी विद्यापीठ, शिष्यवृत्तीचा पैसा आणि विषय भारतातली जात! पुढे लंडनला शिक्षण चालू असतानाच मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला ते १९२०मध्ये पुन्हा लंडनला गेले, ते शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत घेऊन. मधली तीन वर्षे गेली ती गेलीच. फेलोशिप मध्येच तुटली तर काय होते, हे बाबासाहेबांहून जास्त कोणाला कळले असेल? म्हणूनच १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसताच त्यांनी लॉर्ड लिनलिथगोंना जे निवेदन दिले, त्यात अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली ती त्या रेट्यातून.

आता पुढचे ऐका. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना १९५४-५५पासून आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये तिच्या नियमावलीत एक अट आली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचा सामाजिक अभ्यास, हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे आमच्या पोराने सरकारच्या पैशाने परदेशात जाऊन यंत्रे शिकावीत, औषधे शिकावीत, व्यवस्थापन शिकावे. जात तेवढी शिकू नये. १९१६चा भीमराव या नियमावलीखाली अर्ज करता तर त्याचा अर्ज छाननीतच बाद झाला असता!

सरकारचे म्हणणे असे की भारताच्या अभ्यासाची साधने भारतातच आहेत, त्यासाठी परदेशी पाठवून पैसा का घालवायचा? वकिलाने समोरच्याचा मुद्दा आधी नीट मांडावा, म्हणून मांडला. पण तो टिकत नाही. इंग्रजी अमलाचे दफ्तर लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. आमच्या मराठवाड्याचे तर तेही नाही, कारण १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि त्या महसुलाचे कागद पाहायचे तर हैदराबादच्या पुराभिलेखागारात जावे लागते आणि उर्दू-फारसी यावे लागते. साधने कुठे आहेत हा मुद्दा कधीच नव्हता. आशियातल्या समाजांवर आणि धोरणांवर बोलणारी जगातली मोठी विद्यापीठे, त्यांची दक्षिण आशिया केंद्रे, तिथल्या फेलोशिपा, या ठिकाणी भारताच्या वतीने कोण बोलतो हा मुद्दा आहे. शंभर वर्षे तिथे एकाच वर्गाची मुले गेली. बापाच्या पैशाने गेली, ओळखीने गेली, आजोबांच्या विद्यापीठात गेली. त्यांना भारतीय संस्कृतीवर संशोधन करायला कोणी मनाई केली नाही. मनाई ज्यांना सरकारशिवाय दुसरा आधार नाही त्यांनाच.

आणि गंमत पाहा. परदेशी माणसे आमच्यावर संशोधन करायला इथे येत राहिली. एलिनॉर झेलियट अमेरिकेतून आल्या आणि महार चळवळीवर त्यांनी पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची पीएच.डी. १९६९ साली मिळवली. गेल ऑम्व्हेट आल्या, सत्यशोधक चळवळीवर लिहिले आणि कासेगावच्याच होऊन गेल्या. या दोघींचे ऋण आंबेडकरी चळवळ कधी विसरणार नाही. पण प्रश्न उरतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांना आमच्या वस्त्या अभ्यासाच्या लायकीच्या वाटतात, आमच्या सरकारला त्या वस्तीतले पोर त्याच अभ्यासासाठी अमेरिकेला पाठवण्याच्या लायकीचे का वाटत नाही?

संधी मिळाली तेव्हा काय झाले हेही लोकांसमोर आहे. नांदेडच्या दलित वस्तीत वाढलेले सूरज एंगडे हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये फेलो झाले आणि २०१९मध्ये त्यांचे 'कास्ट मॅटर्स' आले. अहमदनगर जिल्ह्यात मूळ असलेल्या आणि पुण्यात येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक यांनी दलित स्त्रियांच्या शिक्षणावर आणि तमाशा कलावंत स्त्रियांवर लिहिले आणि २०२४मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आठ लाख डॉलरची ही फेलोशिप अर्ज करून मिळत नाही, देणारेच शोधत येतात. जयंतीच्या बॅनरवर या दोघांचे फोटो आम्ही पाहिले, आनंद झाला. पण एंगडे आणि पाईक निघाले म्हणून वाट मोकळी आहे असे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. २०२५च्या जुलैमध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी १०६ जण निवडले गेले आणि पहिल्या खेपेला पत्रे दिली ती ४० जणांना. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यावर पाहू, असे सांगण्यात आले. परदेशी विद्यापीठाचे वर्ग सप्टेंबरात सुरू होतात, ते कोणाच्या निधीसाठी थांबत नाहीत.

आता राज्याकडे वळू. इथे बोलताना आम्हाला जास्त राग येतो, कारण इथे प्रत्येक मंत्री फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय भाषण सुरू करत नाही. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना २००३पासून आहे, जागा ७५. २०२४च्या उन्हाळ्यात तिला ७५ टक्के गुणांची अट लावण्यात आली. विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा ती मागे घ्यावी लागली. पुण्याच्या बार्टीची, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेची, फेलोशिप ही मराठवाड्यातल्या पोरांची खरी आशा. २०२१च्या तुकडीतल्या ८६१ संशोधकांना त्यासाठी २०२३ साली आझाद मैदानात बसावे लागले. जागा दोनशे, पात्र उमेदवार त्याच्या चौपट. पुढे बार्टी, सारथी, महाज्योती यांची एकत्र परीक्षा घ्यायचे ठरले. २४ डिसेंबर २०२३ला ती झाली, तर प्रश्नपत्रिका २०१९च्या सेट परीक्षेची जशीच्या तशी निघाली! १० जानेवारी २०२४ला पुन्हा परीक्षा, तर काही केंद्रांवर प्रश्नपत्रिकांना सील नसल्याची तक्रार. आमच्या पोरांची गुणवत्ता मोजायला निघालेल्यांना स्वतःची प्रश्नपत्रिका तयार करता आली नाही.

त्याच डिसेंबरात विधान परिषदेत तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विचारले होते, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत? मराठा, ओबीसी, बौद्ध, सगळ्या घरांतले संशोधक विद्यार्थी त्या दिवशी एकाच शब्दाने दुखावले. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर रागाने देऊ नये, कामाने द्यावे. गायरानाची ती फाईल हे एक उत्तर आहे.

केंद्रात यूजीसीमार्फत २००५-०६पासून अनुसूचित जाती-जमातींसाठी राजीव गांधी फेलोशिप सुरू झाली. आमच्या पिढीतले कितीतरी प्राध्यापक तिच्यावर उभे राहिले. तिचे नाव बदलले, निवड नेटच्या गुणांवर गेली, रक्कम १ जानेवारी २०२३पासून पहिल्या टप्प्यात महिना ३७ हजार आणि पुढच्या टप्प्यात ४२ हजार झाली. रक्कम चांगली आहे, नाही कोण म्हणतो? पण ३७ हजार कागदावर आणि खात्यात शून्य, तर किराणा दुकानदाराला शासन निर्णय दाखवायचा का? अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप तर २०२२-२३पासून बंदच केली. ती फक्त मुस्लिमांची होती असा गैरसमज आपल्यातही आहे. बौद्ध हेही अधिसूचित अल्पसंख्याक आहेत, ते दारही आपल्यासमोरच बंद झाले. आपण किती मोर्चे काढले?

रोहित वेमुलाला जाऊन दहा वर्षे झाली. १७ जानेवारी २०१६. त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा आकडा होता, एक लाख पंचाहत्तर हजार. मरतानाही पोराने हिशेब लिहून ठेवला. ते पत्र आम्ही पुन्हा वाचत नाही. वाचवत नाही.

नांदेडच्या माणसाने विद्यापीठ या शब्दाकडे तटस्थपणे पाहावे असे कोणी म्हणू नये. २७ जुलै १९७८ला नामांतराचा ठराव झाला आणि या जिल्ह्यातली घरे जळाली. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारले. १९९३च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारेने नांदेडात स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे निघाले. नांदेड, लातूर, परभणी आणि आताचे हिंगोली त्याच्याकडे आले. वेगळे काढण्यामागचा हेतू काय होता यावर आमच्यात अजून कुजबुज चालते, ती इथे नको. पण त्याचे पहिले कुलगुरू लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे हे अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या साहित्याचे अभ्यासक होते, हे आम्हाला नेहमी बोलके वाटते. लातूरला बसून माणूस हार्लेमचा अभ्यास करू शकतो. मग लातूरचाच पोरगा लातूरचा अभ्यास करतो तेव्हा अडथळे का?

अडथळे सगळे मुंबई-दिल्लीचे नाहीत. विषय काढला की "जातीवर नको, काहीतरी न्यूट्रल घे" असे सुचवणारे मार्गदर्शक आमच्या विद्यापीठांत आहेत. प्रगती अहवालावर सही करायला महिना घालवणारे आहेत. आणि आमचीही चूक सांगितली पाहिजे. फेलोशिप घेऊन प्रबंध न लिहिणारे, नेटवरून उतरवून काढणारे, पाच वर्षे पुण्यात पुढाऱ्यांच्या मागे फिरणारे आमच्यातही निघाले. एकेका अशा संशोधकामुळे दहा प्रामाणिक पोरांच्या फायलीवर संशयाची खूण पडते. जयंतीला एकेका मंडळाचा डीजे लाखाचा असतो. आमच्या दोन जिल्ह्यांतल्या मंडळांनी एकेका वर्षाचा डीजे बंद ठेवला, तर फेलोशिप थकलेल्या पोरांना सहा महिने उसने देणारा निधी सहज उभा राहील. हे आम्ही मंडळाच्या बैठकीत बोललो. टाळ्या पडल्या, डीजे वाजला.

त्या पोराच्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिले ते सांगतो, कारण हाच प्रश्न घेऊन फिरणारे इतरही असतील. केस करता येते. राज्यघटनेच्या ४६व्या कलमाने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. ते कलम एकट्याने कोर्टातून अंमलात येत नाही हे खरे, पण सरकारने जाहिरात दिली, निवड केली, यादी लावली आणि त्या भरवशावर विद्यार्थ्याने नोकरी सोडली, तर वैध अपेक्षेचे तत्त्व त्याच्या बाजूने उभे राहते. अनुच्छेद २२६खाली औरंगाबाद खंडपीठात रिट दाखल करता येते. मात्र त्याआधी लेखी निवेदन हवे, पोच हवी. फोनवर साहेब काय म्हणाले याला कोर्टात किंमत नाही. प्रत्येक अहवालाची झेरॉक्स, प्रत्येक ईमेलची प्रत, प्रत्येक त्रुटीपत्राची तारीख जपून ठेवा. माहितीच्या अधिकारात विचारा : माझी फाईल कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेपासून आहे? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि आमचा अनुभव असा की अर्ज पोचताच निम्म्या फायली आपोआप हलतात. एकट्याने जाऊ नका. एकाच यादीतले दहा जण मिळून अर्जदार व्हा, म्हणजे खर्चही वाटला जातो आणि नावही एकट्याचे लक्षात राहत नाही.

हे शेवटचे ऐकून पोरगा पहिल्यांदा हसला. त्याला तीच भीती होती, की केस केली तर पुढे प्राध्यापकाच्या मुलाखतीला हे नाव लक्षात ठेवतील. ती भीती खोटी आहे असे आम्ही त्याला सांगितले नाही.

निवेदन गेले, माहितीचा अर्ज गेला. त्याच्या यादीतले आणखी सहा जण आता सोबत आहेत, दोघे उदगीरचे, एक मुखेडची मुलगी, बाकी शहरातले. गायरानाच्या याद्यांची एक प्रत आम्ही त्याच्या परवानगीने ठेवून घेतली. पुढच्या महिन्यात एका नोटिशीच्या प्रकरणात तारीख आहे, त्यात ती दाखल करायची आहे. प्रबंध अजून अर्धाच झाला आहे. लोह्याकडची अकरा गावे पाहायची राहिली आहेत आणि मोटारसायकलच्या पेट्रोलचा प्रश्न आहे.